फिनलंडचा किनारा: नकाशात आधी कोणतं नाव, फिनिश की स्वीडिश?

नकाशेबाज: फिनलंडच्या किनारपट्टीचा मराठी नकाशा करायला घेतलाय. तुर्कू-ओबू, पिएटारसारी-याकोबस्टाड अशी एकाच गावाची दोन-दोन नावं आहेत, पहिलं फिनिश, दुसरं स्वीडिश. पाटीवर कधी एक वर, कधी दुसरं. काही नियम आहे का? आणि ऑलंड बेटांवर फिनिश नाव का दिसत नाही?

दर्यावर्दी: नियम पक्का आहे. २००४ पासून लागू असलेल्या भाषा कायद्यानुसार पालिकेत अल्पसंख्य भाषेचे लोक किमान ८ टक्के किंवा किमान ३,००० असले की ती द्विभाषिक. हा दर्जा जायला मात्र संख्या ३,००० च्या खाली आणि प्रमाणही ६ टक्क्यांच्या खाली, असं दोन्ही घडावं लागतं. दर १० वर्षांनी फेरआढावा. तुर्कूत स्वीडिशभाषक टक्केवारीने थोडे, पण ३,००० च्या बरेच वर, म्हणून शहर द्विभाषिक. पाटीवर बहुसंख्यांचं नाव वर: तुर्कू वर, ओबू खाली; याकोबस्टाडमध्ये स्वीडिशभाषक जास्त, म्हणून तिथे याकोबस्टाड वर, पिएटारसारी खाली.

तळटीप: वरच्यात भर. ही गणती घरात काय बोलतात त्यावर होत नाही, लोकसंख्या नोंदवहीतल्या मातृभाषेवर होते आणि तिथे एकच भाषा लिहिता येते. दोन्ही भाषांत वाढलेलं मूलही एकाच रकान्यात जातं. शिवाय लोह्यासारखी पालिका निकषात बसत नसूनही स्वतः मागणी करून द्विभाषिक राहिली आहे. तेव्हा टक्केवारीवरून अंदाज बांधू नका, सरकारी यादीच बघा.

बेटकर: ऑलंडचं प्रकरण वेगळं. १९२० चा स्वायत्तता कायदा आणि १९२१ चा राष्ट्रसंघाचा निर्णय यांमुळे बेटं फिनलंडकडे राहिली, पण स्वीडिश भाषेच्या हमीसह. तिथली अधिकृत भाषा एकटी स्वीडिश, त्यामुळे नकाशात तिथल्या राजधानीचं फक्त स्वीडिश नाव, 'मारिएहाम्न', लिहा. जमीन घ्यायची तर रहिवास-हक्क किंवा प्रांतिक सरकारची परवानगी लागते. बाहेरून आलेल्याला तो हक्क मिळायला ५ वर्षं सलग वास्तव्य, फिनिश नागरिकत्व आणि पुरेशी स्वीडिश, हे तिन्ही हवं.

दर्यावर्दी: रंग भरताना अख्खा प्रांत एका रंगात रंगवू नका. पश्चिम किनाऱ्यावर नॅरपेस, कोर्सहोल्म इथे स्वीडिश बहुसंख्य. त्याच पट्ट्यातल्या वासा शहरात मात्र फिनिश. पालिकेची हद्द हेच एकक धरा. आणि याकोबस्टाडवर प्रवासी रेल्वे स्थानकाचं चिन्ह टाकू नका, ते शेजारच्या पेडर्सोर पालिकेतल्या बेन्नेस गावात आहे.