मदत हवी आहे : शेताच्या कडेच्या दगडांवरील खुणांचा अर्थ लावण्यासाठी

नमस्कार.

रायगड जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलोपार्जित वरकस जमिनीच्या कडेला काही जुने दगड आहेत. त्यांवरील खुणा गुप्तधनाच्या आहेत असे एका परगावच्या गृहस्थांनी आमच्या भाऊबंदांच्या मनात भरवले असून, येत्या अमावास्येला तेथे खोदण्याचा बेत ठरला आहे. त्यापूर्वी या खुणा खरोखर कशाच्या आहेत हे शिलालेखांच्या आणि मूर्तींच्या अभ्यासकांकडून समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढला आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. धनाची वार्ता फुटली की खोदणारे आणखी वाढतात.

सर्वांत महत्त्वाचा दगड उभा आणि साधारण कमरेइतका उंच आहे. वरच्या भागात सूर्य आणि चंद्रकोर कोरलेली आहे, मध्ये झिजलेल्या अक्षरांच्या सहा-सात ओळी आहेत, आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे शिल्प आहे, जे पाहून घरातील मंडळी मान वळवतात. ते गृहस्थ सांगतात की सूर्यचंद्र ही खोदण्याची वेळ, गाढव हे धन वाहून आणणारे जनावर आणि स्त्री ही धनाची राखण करणारी. मला मात्र हा गद्धेगळ वाटतो. कोकणात शिलाहारांच्या काळापासून असे दगड उभारले जात, आणि त्यांवर बहुधा जमिनीच्या किंवा उत्पन्नाच्या दानाची नोंद असे. सूर्यचंद्र आकाशात आहेत तोवर हे दान चालावे, हा वरच्या चिन्हांचा अर्थ. आणि जो कोणी ते मोडील त्याच्या आईची काय विटंबना होईल, ही खालच्या शिल्पातील शापवाणी. परळला सापडलेल्या, शिलाहार राजा अपरादित्याच्या शके ११०८ च्या लेखात हीच शापवाणी स्पष्ट शब्दांत कोरलेली आहे. काही गावांत असे दगड शेंदूर लावून पुजतात, काही ठिकाणी अशुभ म्हणून पालथे घालतात, आणि दोन्हीकडे मधली अक्षरे वाचायची राहून जातात. आमच्याकडेही नेमके तेच झाले आहे.

रात्री विजेरी दगडाला तिरकी धरल्यावर पहिल्या ओळीत ‘स्वस्ति श्री’ आणि पुढे ‘सकु’ अशी अक्षरे असावीत असे दिसते. ‘सकु’ हे वाचन बरोबर असेल तर त्यापुढे शकाचा आकडा असणार, पण तो भाग शेवाळाने झाकला आहे. शेवाळ काढण्याचे धाडस मी केलेले नाही. तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने घासल्यास उरलीसुरली अक्षरेही जातील, आणि खडूने अक्षरे गिरवली तर आपल्याला जे वाचायचे आहे तेच आपण दगडावर उमटवून बसू, अशी मला भीती वाटते.

जवळच दुसरा दगड आहे, ज्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आणि त्यावर पुन्हा सूर्यचंद्र आहेत. बोटे ज्या दिशेला आहेत त्या दिशेला धन, असा तर्क चालला आहे. माझ्या माहितीप्रमाणे ही सतीशिळा आहे; चुड्यासह उभारलेला हात ही सती गेलेल्या स्त्रीची नेहमीची खूण. एका स्त्रीच्या मरणाची ही स्मृती उपटून तिच्याखाली हंडा शोधावा, हे मला फार क्लेशदायक वाटते.

पडक्या देवळाच्या जोत्यावर आडव्या दगडात सात-सात वाटीएवढ्या खळग्यांच्या दोन समांतर ओळी आहेत. हे खळगे चौदा म्हणून चौदा हात खोल खणायचे, असा त्या गृहस्थांचा हिशेब आहे. हा, खळग्यांत बिया टाकत खेळायच्या मंकलासारख्या खेळाचा पट असावा का? जुन्या लेण्यांच्या आणि देवळांच्या परिसरात, किल्ल्यांवरही, नवकंकरी, वाघबकरी असे पट दगडात कोरलेले आढळतात. टेकडीच्या माथ्यावर कातळात एक वर्तुळ आणि मध्ये टिंब आहे. १८०२ मध्ये सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ठाण्याच्या जागी अशी खूण कोरत असत, त्यामुळे ते इंग्रजी अमदानीतील असण्याचा संभव अधिक आहे.

जमिनीत धन सापडतच नाही असे माझे म्हणणे नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला, आणि त्यांतील क्षहरात घराण्याचा राजा नहपान याच्या बहुतेक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला असल्यामुळे क्षहरातांच्या पराभवाचा भक्कम पुरावा हाती आला. हा साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर तो पुरावाही वितळला असता. शिवाय १८७८ च्या निखात निधी (म्हणजे पुरलेल्या धनाच्या) कायद्याने, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले आहे. तो लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, त्या गृहस्थांनी काळ्या कोंबड्याबरोबरच आमच्या घरातील एका पायाळू (पायांकडून जन्मलेल्या) मुलाला त्या रात्री जागेवर बसवण्याची मागणी केली आहे. पायाळूला जमिनीखालचे धन दिसते, ही समजूत आपणा सर्वांना ठाऊक आहे, आणि परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लोभापायी स्त्रियांचे आणि मुलींचे खून झाले, हेही ठाऊक आहे. मुलाच्या आईवडिलांनी व आम्ही ठाम नकार दिला आहे आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घेऊन पोलीस ठाण्यात अर्जही देत आहोत. परंतु भाऊबंदांचे मन केवळ धाकाने वळणार नाही. दगडावर काय लिहिले आहे हे त्यांना अक्षर लावून दाखवता आले, तर पुष्कळ फरक पडेल.

म्हणून विचारतो की, छायाचित्रांवरून हा लेख नागरी लिपीतील आहे की नाही, आणि साधारण कोणत्या शतकातील असावा, हे सांगता येईल का? शेवाळाखालची अक्षरे इजा न करता कशी मोकळी करावीत? दानाची जमीन कोणती होती हे लेखातून कळले, तर ती आजच्या गट क्रमांकांशी जुळवण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातील जमीन मोजणीचे टिपण आणि पोटहिश्श्यांचे फाळणी नकाशे कितपत उपयोगी पडतील? राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे अर्ज करताना दगडांची मापे आणि जागेचा नकाशा यांखेरीज आणखी काय जोडावे?

तिरक्या उजेडात घेतलेली छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून, पहिल्या प्रतिसादात देत आहे. कागदावर शाईचा ठसा घेण्याचा अनुभव असलेले कोणी अमावास्येपूर्वी येऊ शकत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा. राहण्याजेवणाची सोय आमच्या घरी होईल, आणि ठसा घेताना भाऊबंदांनाही तेथे बोलावता येईल.