ब्लॉक प्लेअरने ठेवलाय की जगातच होता, कसं ओळखायचं? (माइनक्राफ्ट गेम, मोड बनवायचं टूल फोर्ज)

परळचा_पोरगा: मोड (गेममध्ये भर घालणारा प्रोग्राम) बनवतोय, ओअर (खनिजाचा ब्लॉक) खणला की पॉइंट मिळतात. पण आमच्या बिल्डिंगमधली पोरं लय चालू, सिल्क टच (ब्लॉक न तुटता अख्खा हातात येतो ती जादू) घेऊन तोच ओअर ठेवतात नि परत फोडतात, पॉइंटच पॉइंट. ब्लॉकस्टेटमध्ये (ब्लॉकच्या प्रॉपर्टी असतात तिथे) कुठे लिहिलेलं असतं का कोणी ठेवला ते?

गिरगावकर७: नाही रे, ओअरचं गेम ते लक्षातच ठेवत नाही. मोजक्याच ब्लॉकना तसं काही असतं, जसं झाडाच्या पानांना पर्सिस्टंट म्हणून प्रॉपर्टी असते, हाताने ठेवलीस तर ट्रू, म्हणून ती गळत नाहीत. बाकी तुलाच नोंद ठेवावी लागणार. एंटिटीप्लेसइव्हेंट (कोणी ब्लॉक ठेवला की फोर्ज देतो ती सूचना) पकड, ठेवणारा प्लेअरच आहे ना बघ कारण एंडरमॅन (गेममधला एक राक्षस) पण ब्लॉक ठेवतो, मग पोझिशन त्या चंकच्या (जगाचा १६ बाय १६ चा तुकडा) डेटात टाक. मेमरीतल्या यादीत (हॅशसेट) ठेवलीस तर सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळं साफ.

परळचा_पोरगा: फाइल लय मोठी नाही ना होणार?

गिरगावकर७: चंक १६ बाय १६, उंची ३८४ धर, प्रत्येक ब्लॉकला एक बिट, १२ केबी झाले, तेही चंक पूर्ण भरला तर. फक्त ओअरच्याच पोझिशन ठेव ना, मग तर काहीच नाही.

लोकल_लेट_आहे: पिस्टन (दुसरे ब्लॉक ढकलणारा ब्लॉक) विसरलात दोघं 😄 ठेवलेला ओअर पिस्टनने एक घर सरकवला की नोंद जुन्या जागेवर आणि ब्लॉक नव्या, पोरांना हे कळायला संध्याकाळ पण लागणार नाही. पिस्टनचा इव्हेंट आहे, त्यात नोंद पण सरकव, आणि ब्लॉक फुटला की नोंद काढ, स्फोटात उडाला तरी.