मर्ल ओबेरॉन: मुंबईतला जन्म आयुष्यभर का लपवावा लागला?

रुपेरी_पडदा (प्रश्न)
'वुदरिंग हाइट्स' (१९३९) परवा पुन्हा पाहिला. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या हीथक्लिफपेक्षा या वेळी लक्ष कॅथीकडे अधिक गेले, आणि त्याचे कारण चित्रपटाबाहेरचे होते. कॅथी साकारणारी मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मली होती, हे मला अलीकडेच समजले. ती मात्र हयातभर आपला जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा असल्याचे सांगत राहिली. एवढे यश पदरी पडल्यावरही तिने खरे सांगितले नाही, याला भीती म्हणावी की महत्त्वाकांक्षा? आणि अभिनेत्री म्हणून तिची योग्यता नेमकी किती होती? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी_रिळे
तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ चा, आणि घरातले नाव क्वीनी. सिलोनशी नाते असलेल्या, मिश्रवंशीय शार्लट सेल्बी यांनी तिला आपली मुलगी म्हणून वाढवले. मुंबईतल्या जन्मनोंदीत मात्र आईच्या रकान्यात शार्लट यांच्या कन्येचे, कॉन्स्टन्सचे, नाव आहे. म्हणजे मर्ल जिला बहीण समजत होती, तीच तिची जन्मदात्री होती. पुढे कुटुंब कलकत्त्याला गेले. तिथे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी आणि हौशी नाटके करून विशीच्या आतच तिने युरोप गाठले. लंडनमध्ये निर्माता अलेक्झांडर कोर्डा याने तिला 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) मध्ये अ‍ॅन बोलिनची भूमिका दिली. वाट्याला मोजकीच दृश्ये आली, पण ती पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिली. 'द डार्क एंजेल' साठी (१९३५) तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला.
योग्यतेविषयी माझे मत थोडे कठोर आहे. तिचा आवाका मर्यादित होता, आणि युद्धानंतरच्या बहुतेक चित्रपटांत ती केवळ सुंदर दिसते. मात्र काही न बोलता पडद्यावर थांबून राहण्याची तिची ताकद मोठी होती, आणि कॅथीच्या मृत्यूच्या प्रसंगात ती पुरेपूर दिसते.

वाचनमात्र
भीती की महत्त्वाकांक्षा, हा प्रश्न मला तितकासा न्याय्य वाटत नाही, कारण त्या काळी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची मुभाच तिला नव्हती. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने भारतीयांना तिथे स्थायिक होण्याची दारे जवळपास बंद केली होती, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठीही अपात्र ठरवले. चित्रपटसृष्टीची स्वतःची आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे राबवली जाऊ लागली; तिच्यात गोऱ्या आणि काळ्या वंशांतील शारीरिक संबंध दाखवण्यास मनाई होती, आणि स्टुडिओ तोच धाक आशियाई कलाकारांनाही लावत. अ‍ॅना मे वाँग हिने आपले चिनी मूळ कधी लपवले नाही. 'द गुड अर्थ' (१९३७) मधली चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका तिला हवी होती. ती लुइझ रायनरला मिळाली, आणि रायनरने त्यासाठी ऑस्करही घेतले. हे मर्लच्या डोळ्यांसमोर घडत होते. खरे सांगितले असते, तर तिला कॅथी कोणी दिली असती?
माझी हरकत आहे ती शार्लटबाबत. लंडनच्या घरात पाहुण्यांसमोर त्यांची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असे सांगतात. ते खरे असेल, तर कायद्याकडे बोट दाखवून ते निभावून नेता येणार नाही.

प्रकाशछाया
छायाचित्रणाच्या बाजूने थोडी भर घालतो. १९३७ मध्ये लंडनला मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला जखमा झाल्या, आणि 'आय, क्लॉडियस' चे चित्रीकरण कायमचे थांबले. (थांबण्यामागे तेवढे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही, त्या संचावर कुरबुरी पुष्कळ होत्या.) पुढे छायाचित्रकार ल्युसिअन बॅलार्ड याने तिच्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगालगत एक लहानसा दिवा बसवला. दिवा बाजूने असला की त्वचेवरच्या बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते. तोच दिवा भिंगाच्या रेषेत आणला की सावली व्रणामागेच दडते, कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. या दिव्याला तिच्याच नावावरून 'ओबी' म्हणतात, आणि तो आजही वापरला जातो. कोर्डाशी घटस्फोट झाल्यावर १९४५ मध्ये तिने बॅलार्डशीच लग्न केले.

रुपेरी_पडदा
सर्वांचे आभार. वाचनमात्र, आपला आक्षेप मान्य. प्रश्न मी घाईत मांडला होता. दिव्याची गोष्ट तर मला ठाऊकच नव्हती.

जुनी_रिळे
एक राहिले. १९७८ मध्ये ती खरोखरच टास्मानियात गेली, आणि होबार्टमध्ये गावची लेक म्हणून तिचे जाहीर स्वागत झाले. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबरला, ती वारली. मुंबईची हकीकत एका चरित्रातून सर्वांसमोर आली ती १९८३ मध्ये.