पॅन्ट्री गप्पांसाठी बांधायची का?

चहाटळ
नव्या ऑफिसची पॅन्ट्री कशी असावी हे ठरवणाऱ्या समितीत मला घातलंय. सध्याची पॅन्ट्री म्हणजे बोळ आहे नुसता. भिंतीला चिकटून ओटा, त्यावर मशीन, मायक्रोवेव्ह, सिंक एका रांगेत. मायक्रोवेव्हचे आकडे उतरत असतात आणि तिघं जण पुढच्याच्या पाठीकडे बघत उभे! माझं म्हणणं, ओटा मधोमध घ्यायचा. मशीन एका अंगाला, कप दुसऱ्या. तोंडं समोरासमोर आली की बोलणं निघतंच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात इंजिनिअरांवर अभ्यास करून दाखवलं होतं, की बसण्याच्या जागांतलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं. ५० मीटरच्या पुढे तर नाहीच म्हणा. म्हणून मजल्यावर एकच मोठी पॅन्ट्री, सगळ्यांना मध्ये पडेल अशी. बोला.

मौनी
साफ असहमत. दिवसभर मीटिंगा झाल्यावर मी पॅन्ट्रीत जातो तो कान गार करायला. तिथेही समोर चेहरा बसवणार तुम्ही? आणि जागा मोकळी केली की माणसं मोकळी होतात, हे कुणी सांगितलं? २०१८ मध्ये बर्नस्टीन आणि टर्बन यांचा अभ्यास आला. दोन कंपन्यांनी भिंती काढल्या, तर प्रत्यक्ष बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. माणूस उघड्यावर आला की हेडफोन चढवतो.

चहाटळ
ते काम करायच्या जागेबद्दल आहे हो. आठ तास उघड्यावर बसणं वेगळं, कप भरेपर्यंत दोन मिनिटं थांबणं वेगळं.

हिशेबनीस
एकच पॅन्ट्री हा हट्ट मात्र सोडा. पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीची इमारत बांधताना स्टीव्ह जॉब्स यांना स्वच्छतागृहंसुद्धा फक्त मधल्या चौकालगत हवी होती, का तर लोक एकमेकांना भेटतील. कर्मचाऱ्यांनी विरोध केला आणि शेवटी संख्या वाढवावी लागली. तहानलेल्याला वळसा घालायला लावून मैत्री होत नसते.

उंबरठा
ओट्यावर भांडताय, दाराचं काय? आमच्या पॅन्ट्रीला एकच दार आहे. साहेब आत असले की लोक दारातूनच अंदाज घेतात आणि रिकामा कप घेऊन परत फिरतात. मीही फिरलोय. आत गेलं की बोलावंच लागणार आणि बाहेर पडायचं तर त्यांना ओलांडून. दोन दारं द्या. 'इकडून तिकडे चाललोय' असं दाखवता आलं की माणूस बिनधास्त आत शिरतो, आणि बिनधास्त शिरलेलाच थांबतो. काचेची भिंतही नको. कोण किती वेळ उभं आहे हे बाहेरून मोजता आलं तर कोण थांबेल?

कपबशी
आणि धुणार कोण? जुन्या ऑफिसात झकास लांब टेबल केलं होतं. महिन्याभरात सिंकवर पाटी: 'आपला कप आपण धुवावा.' खाली पेनाने कुणीतरी: 'आणि चमचा?' ओटा पुसायला नेहमी आम्ही दोघी-तिघीच. तिथे सगळ्यात जास्त बोलणं झालं ते याच विषयावर, त्याला गप्पा म्हणायचं असेल तर म्हणा. आधी सिंक मोठं करा, निथळायला जागा द्या.

चाकं
मधोमध ओटा म्हणजे उभ्याने टेकायचा, ११० सेंटिमीटरचा ना? मी व्हीलचेअरवर असते. सगळे वरच्या वर बोलतात, मला खालून हनुवट्या दिसतात. निदान एक भाग ७५ सेंटिमीटरवर आणा, खाली गुडघे जातील इतका मोकळा. मशीनही हात पोचेल तिथे. एवढं झालं की मग मी गप्पांच्या बाजूने.

चहाटळ
चाकं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आराखड्यात घालतो. दुसरं दारही. कपबशी, सिंक मोठं होईल, पुसणाऱ्यांची पाळी मात्र आराखड्यात काढता येत नाही, ती तुम्ही समितीत मांडा. पॅन्ट्री एकच की दोन, यावर अजून माझं मत बदललेलं नाही. मौनी, तुमच्यासाठी खिडकीकडे तोंड करून दोन स्टुलं ठेवतोय.

मौनी
एकच ठेवा. दोन ठेवलीत की शेजारी कुणीतरी येऊन बसणार.