रोज किती चालवायचं? घरच्या ग्रुपवरचं बोलणं

सोसायटीतल्या दोघा-तिघांनी आमच्या मोटरहोमबद्दल विचारलं होतं, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता: दिवसाला किती किलोमीटर चालवता? यावरच आमच्या घरच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात बरंच बोलणं झालं. घरच्यांना विचारून ते इथं टाकतोय. गाडी म्हणजे जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसचं करून घेतलेलं घर. माणसं लेकरांसकट सात, चालवणारे दोन: नाना (३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर) आणि दादा. नाना टाइप करत नाहीत, त्यांचं बोलणं वहिनी लिहितात.

दादा, रात्री ८:०५
प्लॅन टाकतोय. बुधवारी पहाटे ५ ला संभाजीनगरहून निघायचं. बीड, अंबाजोगाई, लातूर करत औसा. साधारण ३०० किमी, मॅप सहा तासांच्या आत दाखवतोय. दुपारचं जेवण आत्याकडं. शुक्रवारी येळवस (वेळ अमावस्या, शेतातला सण). शनिवारी पहाटे निघून थेट बदामी, सव्वातीनशेच्या आसपास. तिथं दोन दिवस, मग हंपी दोन दिवस. येताना हंपी ते घर एका दमात. सहाशेच्या वर आहे, पण मी आणि नाना आलटून पालटून चालवू.

चिनू, ८:०६
हंपी!! मामा भारी

ताई, ८:१०
हंपी ते घर एका दिवसात? आईच्या गुडघ्यांचं काय?

दाजी, ८:१४
होतंय की. समृद्धीवरून नागपूर मी पाच तासांच्या आत गाठलंय. सकाळी निघालो, दुपारचं जेवण नागपुरात.

वहिनी, ८:१७
दाजी, ती कार होती आणि समृद्धी होती. आपली गाडी भरल्यावर चार टनांच्या आसपास जाते. टपावर एसी, पोटात १२० लिटर पाणी, गॅसची टाकी, भांडी. वारा आडवा आला की स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. आणि केज ते अंबाजोगाई रस्त्यावर प्रत्येक गावात गतिरोधक आहे. कार तो उडवून जाते, आपण जवळजवळ थांबतो. नाहीतर मागं कपाटातलं सगळं खाली.

आत्या (औसा), ८:२०
कवा यायलेत ते सांगा आधी. मला आंबील करायचीय.

दादा, ८:२२
आत्या, बुधवारी दुपारी १२ पर्यंत.

वहिनी, ८:३१
मला जरा सविस्तर लिहू द्या. नंतर कुणी म्हणू नका की आधी बोलली नाही.

मागच्या वर्षी बिदरहून परतताना आपण हेच केलं होतं. मॅपवर ४०० च्या आसपास दिसत होतं, म्हणून ‘एका दमात घर’ ठरलं. प्रत्यक्षात काय झालं ते आठवा. सकाळी गाडी आवरून निघायलाच १० वाजले. उदगीरला किल्ला बघायला थांबलो, लातूरला जेवण, आणि अंबाजोगाई सोडली तेव्हा दिवस मावळला होता. केजच्या पुढं अंधारात उसाची डबल ट्रॉली उभी होती. धुरा तुटलेला, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चार दगड लावून माणूस कुठंतरी गेलेला. नानांनी ब्रेक मारला म्हणून आज आपण बोलायलोय. ट्रॉलीला आणि आपल्याला मधी एका बैलगाडीची जागा राहिली होती. वरचं कपाट उघडून स्टीलचे डबे पडले, आईंचं कोपर सुजलं. त्या रात्री नाना घरी आल्यावर जेवले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, पोटात कालवाकालव होतेय.

त्या दिवशी कुणी बेफिकीर नव्हतं. किलोमीटर आधी ठरवले आणि वेळ त्यात कोंबली, एवढंच झालं. यावेळी उलटं करू या. आधी पोचायची वेळ ठरवू. त्या वेळेत जेवढं बसेल तेवढे त्या दिवसाचे किलोमीटर.

आई, ८:३४
कोपर अजून थंडीत दुखतंय

ताई, ८:३५
वहिनी बरोबर बोलायलीय.

दादा, ८:३९
मान्य. पण मग दिवसाला १०० करत बसलो तर रजा रस्त्यातच संपेल. आणि गाडी चालली नाही तर बॅटरी कशी भरणार?

मी, ८:४६
बॅटरीचं काळजीचं कारण नाही. डिसेंबरात आपल्याकडं आभाळ निरभ्र असतं. टपावरचं सोलर दिवसभर उन्हात राहिलं तर दिवे, पंखे, पाण्याचा पंप आणि फोन निघतात. एसी लागत नाही, फ्रिज तेवढा थंडीमुळं कमी ओढतो. अडतं ते पाण्यावर. सात माणसांना १२० लिटर जपून वापरलं तर दीड-दोन दिवस. म्हणजे दर दुसऱ्या दिवशी पाणी भरायची आणि मैल्याची टाकी रिकामी करायची जागा हवी. मुक्काम त्यावर ठरतो, बॅटरीवर नाही.

आता वेळेचा हिशोब. येळवशीच्या दिवसांत सकाळी सात वाजता उजाडतं आणि संध्याकाळी सहाच्या आत सूर्य मावळतो. पोचल्यावर गाडी समपातळीत लावणं, चाकाखाली पाचर, पाण्याची पाइप, आईंसाठी पायरी, यात तास जातो, आणि ते उजेडातच नीट होतं. म्हणून पोचायची वेळ दुपारी ४. सकाळी गॅस बंद करणं, कपाटांच्या कड्या, सांडपाणी, नाश्ता, यात दीड तास. म्हणून निघायची वेळ साडेआठ. मधी उरतात साडेसात तास. त्यातून जेवणाचा एक, दर पावणेदोन तासांनी पाय मोकळे करायचे मिळून एक, डिझेल-टोल-बाजारातली गर्दी अर्धा. प्रत्यक्ष चाक फिरतं पाच तास. मागच्या तीन सहलींची वही काढून बघितली: आपल्या गाडीला ताशी ४०-४५ च्या वर सरासरी कधी पडलेली नाही. म्हणजे २०० ते २२५.

दाजी, ८:५२
अमेरिकेत मोटरहोमवाले ३-३-३ म्हणतात. दिवसाला ३०० मैल, दुपारी ३ ला पोचायचं, एका जागी ३ रात्री. ३०० मैल म्हणजे सुमारे ४८० किमी. मग आपले २०० फारच कमी वाटतात.

वहिनी, ८:५५
दाजी, तिथं रस्त्यात म्हशी येत नाहीत आणि विरुद्ध बाजूनं ट्रॅक्टर येत नाही. त्यातलं उजेडात लवकर पोचणं आणि एका जागी एकापेक्षा जास्त रात्री राहणं हे दोन आपण घेऊ. किलोमीटर मात्र आपल्या रस्त्यानं ठरतील.

ताई, ८:५७
नाना काय म्हणतेत?

वहिनी, ९:०८
नाना शेजारी बसलेत. ते बोलतात तसं लिहिते.

“एसटीत ड्युटीला कायदा होता. १९६१ चा. दिवसाला आठ तास, आणि सलग पाच तास झाले की अर्धा तास उतरायचंच. तो कायदा रोज चालवणाऱ्या, पस्तिशी-चाळिशीतल्या माणसासाठी, आणि रूट पाठ असायचा. कुठल्या वळणावर खड्डा आहे ते डोळे मिटून सांगायचो. आता मी अडुसष्टचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. मला चार तासांच्या वर स्टीअरिंग देऊ नका. दादाला पाच.

पहाटे ५ ला निघायचं म्हणजे साडेतीनला उठायचं. झोप मोडलेली असते, त्यात डिसेंबरात बिंदुसरेच्या काठानं आणि माजलगावकडं धुकं असतं. रात्रभर कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्या पहाटेपर्यंत चालूच असतात. पहाटे तीन ते सहा आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार, या दोन वेळांना डोळा लागतो. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, चांगले जुने ड्रायव्हर या वेळांत झाडावर गेले. म्हणून जेवण झाल्यावर लगेच गाडी काढायची नाही. वीस मिनिटं आडवं व्हायचं, मग निघायचं.

संध्याकाळी सहा ते आठ मी आजही गाडी काढणार नाही. उजेड गेलेला, दिव्यांचा अजून उपयोग नाही, गुरं गोठ्याकडं परतायलीत, फडातून ट्रॅक्टर डांबरीवर चढायलाय. कागदावर किती किलोमीटर राहिलेत ते मला सांगू नका. साडेपाचला दिसेल त्या बऱ्या जागी मी गाडी लावणार.”

दादा, ९:१४
नाना, ठीक आहे. पहाटेचं रद्द.

दादा, ९:१५
पण प्रत्येक दिवसाला २०० हा एकच आकडा मला पटत नाही. तुळजापूर-सोलापूर-विजापूर चौपदरी आहे. तिथं २२५ आरामात होतात. मांजरसुंब्याचा घाट चढून केजमार्गे जायचं असेल तर १८० सुद्धा जास्त.

वहिनी, ९:१८
हे मात्र पटलं. रस्ता बघून आकडा. चौपदरीला सव्वादोनशे, दुपदरी रस्त्याला दीडशे-पावणेदोनशे, घाट असला की आणखी कमी.

मी, ९:२१
मग पहिल्याच दिवशी अडतंय. घर ते अंबाजोगाई २२० च्या आसपास. बीडपर्यंत १३० चौपदरी, पुढं घाट आणि दुपदरी.

ताई, ९:२४
तरी अंबाजोगाई चालेल. नाही झालं तर कपिलधारला किंवा केजला थांबायची तयारी ठेवा. आधीच दोन जागा हेरून ठेवल्या की साडेपाचला धावपळ होत नाही. अंबाजोगाईत आमच्या ओळखीच्यांचं मंगल कार्यालय आहे, मोठं पटांगण, नळ, संडास. डिसेंबरात लग्नाची तारीख नसली तर गाडी लावू देतील. मी उद्या फोन करते. गुरुवारी सकाळी योगेश्वरीचं दर्शन आणि मुकुंदराजांची समाधी. तिथून आत्याचं शेत ८० किमी. जेवायला पोचता.

आत्या (औसा), ९:२७
म्हंजे गुरुवारी. बरं झालं सांगितलं. बुधवारी धरून बसले असते.

दादा, ९:३०
शनिवारी तुळजापूर. औशाहून फक्त ५५ किमी. अख्खा दिवस ५५ किलोमीटरसाठी?

वहिनी, ९:३३
अहो, तो दिवस गाडीसाठी नाहीच, देवीसाठी आहे. शनिवारची रांग किती ते आपण बघितलंय. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा नाही, तेवढं बरं. सकाळी दहाला पोचलो, तीन तास रांगेत गेले, आई दमल्या, आणि मग पुढं दीडशे चालवायचं? तुम्हीही रांगेत उभे असणार ना. त्यानंतर स्टीअरिंगवर बसायचं का?

दादा, ९:३५
हं. ते लक्षात नव्हतं आलं. चालवणारा दिवसभर चालवतच नसतो, बाकीचंही करतो.

आई, ९:३६
देवीची ओटी राहिलीय दोन वर्षांची

मी, ९:४४
मग असं बसतं. शनिवारी तुळजापूर मुक्काम. रविवारी विजापूर, १४५, दोन रात्री. गोलघुमटाच्या चढावर आई येणार नाहीत, त्या खाली बागेत बसतील. मंगळवारी बदामी, सव्वाशे, दोन रात्री, त्यात पट्टदकल आणि ऐहोळे. गुरुवारी परत सोलापूर, सव्वादोनशे, विजापूरच्या पुढं चौपदरी आहे. शुक्रवारी बीड, १८०. शनिवारी घर, १३०. रविवार गाडी धुवायला आणि झोपायला. सोमवारी दादाचं ऑफिस.

यात हंपी बसत नाही. बदामीहून हंपी दीडशेच्या आसपास, तिथं दोन रात्री तरी हव्यात, म्हणजे जाऊन येऊन तीन दिवस वाढतात.

चिनू, ९:४६
म्हणजे हंपी कॅन्सल? मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय

ताई, ९:४७
चिनू, रडायचं नाही.

दादा, ९:५१
विजापूरची एक रात्र कमी करून, सोलापूर-बीड-घर एका दिवसात मारून…

वहिनी, ९:५२
तीनशे दहा. शेवटच्या दिवशी. सगळे दमलेले असताना. बिदरचा दिवस असाच जुळवलेला होता.

दादा, ९:५८
खोडलं.

वहिनी, १०:०४
नाना म्हणतायत: “चिनूला सांगा, हंपीसाठी मे महिन्यात वेगळं जाऊ. ऊन असेल पण दिवस मोठा मिळेल, सात वाजेपर्यंत उजेड, आणि उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर नसतील. तेव्हा एका दिवसात पन्नास किलोमीटर जास्त जमतील. बदामीच्या लेण्यांच्या पायऱ्या मी त्याच्या बरोबर चढणार.”

चिनू, १०:०५
सगळ्या पायऱ्या?

वहिनी, १०:०६
“सगळ्या.”

दाजी, १०:१०
मी बदामीपर्यंत येतो. लायसन माझंही आहे, हलक्या गाडीचं. साडेसात हजार किलोच्या आतली गाडी त्यावर चालते. विजापूर ते बदामी मी घेतो, नानांना तेवढा आराम. आधी दोन दिवस घरी येऊन चिकलठाण्याच्या रस्त्यावर हात बसवतो.

दादा, १०:१२
या दाजी. शनिवारी सकाळी या. रिव्हर्स घ्यायला आधी शिका, मागचं काही दिसत नाही.

आत्या (औसा), १०:१५
गाडी खळ्यात लावा. मी जागा झाडून ठेवते. पण पाण्याच्या मोटारीच्या खोलीला गेलेली लाइटची तार खाली आलीय, कडब्याची गाडी अडकली होती मागं. तुमची किती उंच हाय?

दादा, १०:१६
साडेनऊ फूट असेल आत्या.

वहिनी, १०:१७
नाना म्हणतायत, “असेल” नको. टेप घेऊन जा.

दादा, १०:३१
मोजली. एसीच्या खोक्यासकट ९ फूट १० इंच. आत्या, तार किती उंचीवर आहे?

आत्या (औसा), १०:३३
सकाळी काठी लावून बघते आन् सांगते.