३१ डिसेंबरच्या पॉटलकबद्दल एक विनंती

मंडळी, नमस्कार. आपल्या मंडळाच्या एका सभासदाने पुढचं पत्र नाव न घालता यादीवर टाकायला सांगितलं आहे. जसंच्या तसं देते आहे.
– कार्यवाह

सप्रेम नमस्कार.

येत्या ११ जानेवारीला मला दारू सोडून चार वर्षं होतील. तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखता, माझ्या मुलांच्या नाटुकल्याला तुम्ही टाळ्या वाजवल्या आहेत. पण ही गोष्ट ठाऊक असलेली घरं दोनच. पॉटलकचा, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाचा, निरोप आला त्या दिवसापासून लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितो आहे.

अमेरिकेतल्या या मिनिआपोलिसच्या डिसेंबरबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? साडेचारलाच सूर्य मावळतो, सगळ्यांत लहान दिवस पावणेनऊ तासांचा. नाताळच्या आठवड्यात ऑफिस बंद, शेजाऱ्यांच्या दारात त्यांच्या लेकीसुनांच्या गाड्या, आणि भारतातली आपली माणसं घड्याळात साडेअकरा तास पुढे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आईचा फोन येतो, तिची पूजा मांडून झालेली असते आणि माझ्या खिडकीबाहेर बुधवारची काळीकुट्ट रात्र असते. फोन ठेवल्यानंतरचा अर्धा तास मला सगळ्यांत जड जातो. पूर्वी त्याच अर्ध्या तासात पहिला पेग भरला जायचा.

याआधी एकदा मी चौदा महिने कोरडा राहिलो होतो. मग एका थर्टी फर्स्टला एका स्नेह्यांकडे बसलो असताना कुणीतरी अगदी मायेने म्हणालं, "अरे, नुसता कंपनीला हातात तरी धर." मी धरला. पुढचे दहा दिवस माझ्या बायकोने कसे काढले ते ती कधी बोलत नाही. देणाऱ्याचा दोष नव्हता, त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणूनच हे पत्र.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. एवढंच मागतो: कुणी "मला नको" म्हटलं की "का रे?" विचारू नका. औषध चालू आहे का, उपास आहे का, बायकोने दम दिलाय का, काहीच नको. उत्तर द्यावं लागलं की माणूस खोटं बोलतो, आणि एकदा खोटं बोलायला लागलो की मी परत जुना मी होतो. दारूचं टेबल जेवणाच्या टेबलापासून लांब ठेवा. केकमध्ये रम असेल तर चिठ्ठी लावा. आणि साडेनऊला कुणी निघालं तर दारात अडवू नका.

माझं मी काय करतो तेही सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. जेवून जातो, रिकाम्या पोटी कधीच नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या आधारगटाच्या आमच्या मीटिंगमध्ये शिकवतात की भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी काय लागलंय ते आधी ओळख. दारूची तलफ बहुतेक वेळा त्यातल्याच एकाचं सोंग असते. हिवाळ्यातल्या उदासीवर उपाय म्हणून सकाळी दहा हजार लक्सच्या प्रखर दिव्यासमोर अर्धा तास बसून चहा घेतो. डॉक्टरांना विचारून सुरू केलं आणि दुसऱ्या हिवाळ्यात फरक कळला. नॉन-अल्कोहोलिक बिअर घेत नाही. तिच्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत दारू असू शकते, आणि मला तर तो वासही पुरतो. नाताळ आणि ३१ला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बऱ्याच ठिकाणी दिवसरात्र मीटिंगा चालतात. गेल्या वर्षी रात्री अकरा वाजता मी तिथे होतो, उणे पंधरात गाडी खरवडून गेलो होतो.

उपचारासाठी लोक देशभरातून आपल्या मिनेसोटात येतात. सेंटर सिटीचं हेझल्डन हे व्यसनमुक्ती केंद्र १९४९ पासून आहे. आपण तासाभरावर राहतो आणि तोंडातून शब्द काढत नाही.

– एक सभासद

---

चिरंजीव सभासदास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. गेली कितीतरी वर्षं पॉटलकचा बार मीच मांडतो आणि "एक तरी घे" हे माझंच वाक्य आहे. तू लिहिलेली ती संध्याकाळ माझ्या घरची नसेलही, पण असू शकली असती. क्षमा माग म्हणून कुणी सांगितलेलं नाही, मीच मागतो.

माझा धाकटा भाऊ पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने ते सुरू केलं. तिथे रुग्णांच्या बायकांचाही वेगळा गट भरतो. तिकडे बसून आल्यावर त्याची बायको पहिल्यांदा पोटभर जेवली, हे मला आठवतं. हे सगळं माहीत असूनही मी इथे आठ हजार मैलांवर येऊन ग्लास भरत राहिलो.

बार पूर्ण बंद केला तर मंडळी पार्किंगमध्ये गाडीत बसून पितील, तेही या बर्फात. ते नको. टेबल मागच्या खोलीत नेतो, साडेआठनंतर उघडतो. पुढे मोठ्या पातेल्यात मसाला दूध. आग्रह फक्त जेवणाचा.

– काका

---

काकांना आणि सभासदांना नमस्कार. मी पेशाने डॉक्टर आहे, म्हणून एक गोष्ट निक्षून सांगते. हे पत्र वाचून कुणी रोज भरपूर पिणारा उद्यापासून घरीच एकदम बंद करणार असेल तर करू नका. शरीराला सवय झालेली असते. हात थरथरणं, घाम यांपासून सुरुवात होते, दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रमही होतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. आधी डॉक्टरकडे जा. तलफ कमी करणारी औषधं आहेत. त्यातल्या नाल्ट्रेक्सोनला इथे अमेरिकेत १९९४ पासून या आजारासाठी मान्यता आहे. मात्र ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची, वेदनाशामकं चालू असतील तर ते चालत नाही, त्यामुळे काही लपवू नका.

मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटलं, तर ९८८ या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करा, कुठल्याही वेळी. आणि आपल्यात एकटे राहणारे विद्यार्थी आहेत. नाताळात वसतिगृह रिकामं होतं तेव्हा त्यांना जेवायला बोलवा. २४ आणि २५ला आमच्याकडे पिठलं-भाकरी आहे, चार जागा मोकळ्या.

– एक ताई

---

काका, ताई, तुमचं वाचून बायको रडली, मीही. तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

काका, मसाला दुधाबरोबर वीस जणांपुरतं कोकम सरबत मी आणतो. आमसुलं आईने पाठवलेली आहेत. स्नो इमर्जन्सी (जास्त बर्फ पडल्यावर रस्त्यावर गाड्या लावण्यावर येणारे निर्बंध) लागली नाही तर गाडी ड्राइव्हवेत न लावता रस्त्यावर लावेन, म्हणजे साडेनऊला निघताना कुणाला आपली गाडी हलवावी लागणार नाही.

– तोच सभासद