सोसायटी ग्रुप, नेरूळ: समोरच्या प्लॉटवरचं गवत

प्रधान वहिनी: समोरच्या प्लॉटवर कोणी फिरकलंय का? चाचणीला लावलेल्या चार जातींच्या गवताच्या पट्ट्यांपैकी दोन पट्टे वाळून कोळ झालेत. हेच का ते उन्हाळ्यात टिकणारं लॉन? बाल्कनीतून हिरवंगार दिसेल, असं मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं.

सावंत काका: टँकरचा हिशोब कुठे आहे? मागच्या मे महिन्याचा.

जोशी (सेक्रेटरी): वहिनी, पाणी मुद्दाम तोडलंय. चाचणी तीच आहे. पावसाळ्यात आपल्याकडे गच्चीच्या भेगेतही गवत उगवतं, तेव्हा काय कळणार? खरी परीक्षा मार्च ते मे.

प्रधान वहिनी: मग तसा बोर्ड लावा. येणारे-जाणारे आम्हाला विचारतात.

मोरे सर: दोन्ही पट्टे एका मापात मोजू नका. काल हरळीची एक काडी उपटून पाहिली. वर पार पिवळी, पण पेराशी नख लावलं तर हिरवी. तिची मुळं खोल असतात, पाणी मिळालं की फुटेल. कार्पेट ग्रास मात्र गेलं. त्याची मुळं वरच्या वर, चटईसारखं उचलून हातात आलं.

नितीन (सी विंग): हरळी म्हणजे दूर्वाच ना? मग गणपतीत फुलवाल्याकडे रांग नको. 21 ची जुडी, सभासदांना सवलत 😀

प्रधान वहिनी: तुमचा ब्रूनो रोज सकाळी जिथे जाऊन येतो, तिथल्या दूर्वा बाप्पाला? धन्य आहे.

नितीन (सी विंग): ब्रूनो फक्त कोरियन गवताच्या पट्ट्यावर जातो. त्याला मऊ लागतं.

शहा भाभी: 🌹🌞 शुभ सकाळ 🌞🌹

सावंत काका: पुन्हा विचारतो. टँकर.

मोरे सर: काका, तुमचाच मुद्दा मांडतो. प्लॉट साधारण 400 चौरस मीटर. रोज 5 मिलिमीटर पाणी दिलं तर 2,000 लिटर. पाच दिवसांत 10,000 लिटरचा टँकर रिकामा. म्हणून तर आधी पट्टे लावून बघतोय.

प्रधान वहिनी: सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं पाणी बागांना देतात की. ते मागवा.

मोरे सर: मागवू. पण आधी तहानलेलं गवत लावायचं आणि मग पाणी शोधत फिरायचं, हे कशाला? जमीनही खाडीच्या भरावाची, बोअरचं पाणी मचूळ. पास्पालम गवताला खारं पाणी चालतं, म्हणून चौथा पट्टा त्याचा. कोरियन हळू वाढतं, कापायला कमी लागतं. पण अगदीच सोडून दिलं तर उंचवटे येतात. हरळी पावसाळ्यात सारखी कापावी लागेल आणि रेन ट्रीच्या सावलीत ती धरणार नाही. बिनखर्चाचं गवत कुठलंच नाही.

देशमुख (ए विंग): सावलीत गवतच कशाला? पालापाचोळा पसरा. आणि बी विंगची पोरं चारही पट्ट्यांवरून रनअप घेतात, त्याचं काय?

प्रधान वहिनी: पोरांनी खेळायचं कुठे, तुमच्या पार्किंगमध्ये?

जोशी (सेक्रेटरी): कृपया विषयाला धरून बोलावे 🙏

सावंत काका: विषय टँकरचाच आहे.

जोशी (सेक्रेटरी): काका, बिलं आज संध्याकाळी ऑफिसात पाहून घ्या. बोर्ड उद्या लागेल. जूनपर्यंत कोणीही पाइप लावून पाणी घालू नये. परवा रात्री कोणीतरी कोरियनवर घातलंय. नाव घेत नाही.

प्रधान वहिनी: मीच घातलं. बघवत नव्हतं.

मोरे सर: वहिनी! म्हणजे आता तो पट्टा धरायचाच नाही.

देशमुख (ए विंग): धरू नकाच. त्याच्यावर इनोव्हाचं चाकही आहे. फोटो टाकू का?

नितीन (सी विंग): काढतो काढतो. पाच मिनिटं.